३४ मजले, दोन विंग, रेव्हिट फाईल १.१ जीबी, सिंकला १४ मिनिटं. कुठून सोडवू हा गुंता?

जोतं | मंगळवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. दोन वर्षांनी धागा काढतेय आणि तोही रडगाण्याचा, सांभाळून घ्या.

ठाण्यातला प्रकल्प आहे. दोन बेसमेंट, स्टिल्ट, तीन पोडियम, त्यावर ई-डेक (मोकळी गच्ची), आणि वर ३४ मजल्यांच्या दोन विंग. बी विंग म्हणजे ए विंगचा आरसा. मजल्याला सहा फ्लॅट. ऑफिस अकरा जणांचं, त्यातले पाच जण या एकाच फाईलवर बसतो. रेव्हिट २०२३ (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर), मशीन सगळी ३२ जीबी रॅमची.

सुरुवातीला वाटलं होतं, एक टिपिकल मजला नीट करू, त्याचा ग्रुप (एकत्र बांधलेला संच, एक बदलला की सगळ्या प्रती बदलतात) करू आणि वर चढवत जाऊ. तसंच केलं. आज परिस्थिती अशी:
फाईल १.१ जीबी.
सकाळी उघडायला २२ मिनिटं. (चहा होतो, पोहेही होतात.)
सिंकला, म्हणजे आपलं काम सगळ्यांच्या सामाईक सेंट्रल फाईलमध्ये मिसळायला, १४ मिनिटं, त्यात दुसऱ्यानेही दाबलं असेल तर देवच राखो.
वॉर्निंग जवळपास ४,९००.
ग्रुप एडिट करून फिनिश केलं की स्क्रीन पांढरी. कधी परत येते, कधी येत नाही.

काल ज्युनिअरने एका टॉयलेटचं दार १५० मिमी सरकवलं. संध्याकाळी पाच ते पावणेसहा मशीन गोठलेलं, आणि नंतर "ग्रुपमधले काही घटक वगळावे लागतील" असा संदेश. त्याने ओके दाबलं. आता १९व्या मजल्यावर एका फ्लॅटला दारच नाही.

बॉस म्हणतात नवीन मशीन घेऊ. मला वाटतं दुखणं मशीनचं नाही. तुम्ही कसं करता?

---

प्रोसेसर_पंत | मंगळवार, रात्री ११:०५

मशीन घ्यायचंच असेल तर एवढं बघा. मॉडेल पुन्हा जुळवण्याचं बरंचसं काम रेव्हिट एकाच कोअरवर करतं, त्यामुळे २४ कोअरपेक्षा एका कोअरचा वेग जास्त महत्त्वाचा. महागडं ग्राफिक्स कार्ड घेऊन सिंक एका सेकंदानेही लवकर होणार नाही. रॅमचा जुना ठोकताळा फाईलच्या वीसपट, म्हणजे १.१ जीबीला २२. तुमची ३२ पुरायला हवी, पण सोबत क्रोमच्या चाळीस टॅब आणि ऑटोकॅड उघडं असेल तर नाही पुरणार. आणि लॅन वायरवर हवं. वायफायवरून सेंट्रल फाईल चालवत असाल तर हात जोडून सांगतो, आधी ते बंद करा.

---

शारजाकर | मंगळवार, रात्री ११:३८

पंतांशी सहमत, पण मशीन बदलून २२ची १७ मिनिटं होतील. रोग तोच राहील.

मी आखातात गेली नऊ वर्षं बिम (इमारतीचं डिजिटल मॉडेल) कोऑर्डिनेटर म्हणून हेच करतोय. चार प्रश्न:
१. सेंट्रल फाईल नक्की कुठे ठेवली आहे?
२. आरसीसी कन्सल्टंटची ड्रॉइंग लिंक केलीत (बाहेर ठेवून जोडलीत) की इम्पोर्ट (आतच ओतलीत)?
३. लेव्हल किती आहेत? मजले विचारत नाहीये, लेव्हल विचारतोय.
४. सर्व्हेची डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाईल) कशी आणली?

---

जोतं | बुधवार, सकाळी ९:२०

(फाईल उघडतेय, म्हणून वेळ आहे.)

१. ऑफिसच्या सर्व्हरवर. पण तो फोल्डर क्लाउडवरही आपोआप अपडेट होत राहतो. बॅकअप म्हणून आयटीवाल्याने लावून दिलं होतं.
२. इम्पोर्ट. काही ठिकाणी एक्सप्लोडही केलंय (सुट्या रेघांत फोडलंय). मी नाही. पण केलंय.
३. आत्ता मोजल्या. १३१.
४. सर्व्हेअरने दिली तशी. मॉडेल प्लॉटवर जाऊन बसवलं.

---

शारजाकर | बुधवार, सकाळी ९:४१

१३१! अहो बाई.

एकेक घेऊ.

सेंट्रल फाईल आपोआप जुळणाऱ्या क्लाउड फोल्डरमध्ये कधीच नको. कोणी काय उसनं घेतलंय, कोणता भाग कोणाच्या नावावर आहे याची नोंद सेंट्रल फाईल आणि तिचा बॅकअप फोल्डर मिळून ठेवतात. दुसरा प्रोग्राम मधेच येऊन त्याच फाइली उचलू-ठेवू लागला की दोघांची झटापट होते. क्लाउडवरच काम करायचं असेल तर त्यासाठी बनवलेली वर्कशेअरिंगची सेवा घ्या, नाहीतर साधा सर्व्हर ठेवा आणि बॅकअप रात्री सगळे गेल्यावर घ्या. हे आजच करा. बाकीचं सावकाश.

इम्पोर्ट आणि एक्सप्लोड: प्रत्येक डीडब्ल्यूजी आपले लेयर, लाईन पॅटर्न, हॅच घेऊन येते आणि एक्सप्लोड केलं की ते सगळं तुमच्या फाईलचं होतं. लाईन स्टाईलची यादी उघडून बघा, शेकड्यांनी नावं सापडतील. लिंक करा, फक्त चालू व्ह्यूपुरती करा, काम झालं की अनलोड करा.

लेव्हल: तुम्ही सिल, लिंटल, बीम बॉटम, सगळ्यांना लेव्हल दिली असणार. लेव्हल हे मापाचं साधन नाही, शेकडो भिंती आणि स्लॅब तिला टांगलेले असतात. एक हलली की सगळे हलतात. मजल्याला एक, फिनिश्ड फ्लोअरची. स्लॅबचा टॉप त्याच्यापासून ऑफसेटने. लिंटल तर दाराच्या फॅमिलीतच (तयार घटकातच) असतो.

सर्व्हे: टोटल स्टेशनवाला (सर्व्हेअर) यूटीएममध्ये, म्हणजे नकाशावरच्या जागेच्या मीटरमधल्या आकड्यांत देतो. ठाणे ४३ उत्तर झोनमध्ये, तिथे नॉर्दिंगचा (उत्तरेकडच्या अंतराचा) आकडा सव्वाएकवीस लाख मीटरच्या घरात जातो. रेव्हिटला आपल्या अंतर्गत ओरिजिनपासून (शून्य बिंदूपासून) १६ किलोमीटरच्या बाहेरची भूमिती झेपत नाही: रेघा थरथरतात, हॅच फाटतात, स्नॅप चुकतात. इमारत ओरिजिनजवळ काढायची आणि खरे आकडे शेअर्ड कोऑर्डिनेट्समधून द्यायचे.

---

नळजोडणी | बुधवार, सकाळी १०:१५

प्लंबिंगवाल्याच्या वतीने एक गाऱ्हाणं. बी विंग आरसा आहे म्हणता, तर बेसिनचे मिक्सर तपासा. गरम पाणी डावीकडे असतं. मिरर मारलं की मॉडेलमध्ये ते उजवीकडे जातं आणि आमचा मुलगा त्यावरून पाईप काढून मोकळा होतो. दाराचंही तसंच, दार दिसतं बरोबर पण "डावं की उजवं" हे कोणी हाताने भरलेलं असेल तर शेड्यूलमध्ये जुनंच राहतं.

---

ट्रेसिंगपेपर | बुधवार, दुपारी १:०२

मी तुमच्या त्या रेव्हिटला आयुष्यात हात लावलेला नाही, तेव्हा चुकलो तर सोडून द्या.

आमच्या वेळी चौदा मजल्यांची इमारत म्हणजे मोठी. टिपिकल प्लॅन एकदाच काढायचा, रोट्रिंगने, आणि खाली लिहायचं "२ ते १४ टिपिकल". चूक झाली तर ब्लेडने खरवडायची. ट्रेसिंग एक, अमोनिया प्रिंट हव्या तितक्या. पण आमचे सर बोर्डावर बसण्याआधी एक काम करायला लावत: फुलस्केपवर मजले खाली-वर मांडायचे आणि प्रत्येकासमोर लिहायचं, हा बाकीच्यांपेक्षा कशात वेगळा आहे. कॉलम कुठे बारीक झाला, टाकी कुठे आली, गॅलरी कुठे बंद केली. तो कागद भरला की कळायचं, "टिपिकल" म्हणावेत असे मजले चौदातले फार तर आठ. बाकी सगळे एकमेकांसारखे दिसणारे, पण वेगळे.

जोतंताई, तुमच्या ३४ मजल्यांत खरोखर सारखे किती? मोजलेत का?

---

जोतं | बुधवार, दुपारी १:३०

काका, नाही मोजले.

आता मोजते.

---

गिलावा | बुधवार, दुपारी २:११

साईटवरून बोलतोय. "टिपिकल" हा शब्द ड्रॉइंगवर दिसला की आमच्या पोटात गोळा येतो. एवढंच.

---

बुडापेस्टची_वारी | बुधवार, दुपारी ४:५०

इथे आर्चीकॅडवाले कोणी नाही असं दिसतंय, म्हणून माझा एक मोदक.

आमच्याकडे याला हॉटलिंक मॉड्यूल म्हणतात. फ्लॅट वेगळ्या फाईलमध्ये किंवा वेगळ्या मजल्यावर काढायचा आणि हवा तिथे लावायचा. मूळ बदललं की सगळीकडे बदलतं. प्रत्येक ठिकाणच्या मॉड्यूलला मास्टर आयडी देता येतो, त्यामुळे आतल्या दारांच्या आयडीला मजल्याप्रमाणे वेगळा उपसर्ग लागतो. तुमच्या लिंकमध्ये हे होतं का?

अवांतर: ग्राफिसॉफ्ट १९८२पासून बुडापेस्टमध्ये आहे, रेव्हिटची पहिली आवृत्ती २०००ची, आणि २००२मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनी १३.३ कोटी डॉलरला घेतली. थोरलं घर कोणतं ते सांगून ठेवलं. :)

---

शारजाकर | बुधवार, संध्याकाळी ६:२५

@बुडापेस्टची_वारी, भांडण लावू नका. :) पण प्रश्न अचूक आहे आणि याच कारणासाठी मी जोतंला लिंक सुचवायला कचरत होतो.

ग्रुप आणि लिंक यातला फरक नवीन मंडळींसाठी: ग्रुपची प्रत्येक प्रत म्हणजे फाईलमधल्या खऱ्या भिंती, खरी दारं. दोन विंगचे ३४-३४ मजले म्हणजे ६८ प्रती, ६८ पट भिंती. लिंक एकदाच मेमरीत येते आणि ६८ जागी दिसते, त्यामुळे हलकी. पण ६८ ठिकाणी ती *तीच* असते. लिंकमधल्या दाराला D-1 मार्क दिला की सातव्या मजल्यावरही D-1 आणि सत्ताविसाव्यावरही D-1. इथे आखातात दर दाराला स्वतंत्र नंबर लागतो, हार्डवेअर शेड्यूल त्यावर चालतं. म्हणून आम्ही दुखत असूनही ग्रुपवर राहतो.

---

जोतं | बुधवार, रात्री ९:५५

थांबा थांबा. आपल्याकडे कोण दाराला स्वतंत्र नंबर देतं?

आमचं शेड्यूल D1, D2, D3, W1, V1 असं प्रकाराचं. मुख्य दार D1, बेडरूम D2, टॉयलेट D3. साईटवर "D3, नग इतके" एवढंच जातं. फ्लॅटचा नंबर खोल्यांना लागतो, दारांना नाही.

म्हणजे आमच्यासाठी लिंकची मोठी अडचण अडचणच नाहीये?

---

शारजाकर | बुधवार, रात्री १०:१०

हायला. हो की. नऊ वर्षांत विसरलो.

मग तुमचं गणित पूर्ण बदलतं. तो काकांचा कागद आधी भरा, मग बोलू.

---

नवशिका_०२ | गुरुवार, सकाळी ८:३०

शेवटच्या वर्षाला आहे. थीसिसला २२ मजली टॉवर केलाय, लॅपटॉप रडतोय. एक शंका: ग्रुप वापरूच नये का मग?

---

शारजाकर | गुरुवार, सकाळी ८:५८

@नवशिका, वापर. लहान ठेव. टॉयलेट, किचन, फार तर एक फ्लॅट. ग्रुपमध्ये ग्रुप, त्यात अजून एक ग्रुप, असं करू नकोस. ग्रुपमधली भिंत बाहेरच्या भिंतीला जोडलेली ठेवू नकोस, आणि वरचं टोक लेव्हलला बांधण्याऐवजी मी तरी सरळ उंचीचा आकडा देतो. मजल्यांच्या उंचीत ५० मिमीचा जरी फरक असला तरी बांधलेल्या भिंती एकेका मजल्यावर वेगळं वागायला लागतात, आणि "वगळावे लागतील"वाला संदेश बहुतेक वेळा तिथूनच येतो. आला तर ओके दाबायचं नाही. कॅन्सल, आणि कारण शोध.

आणि कोच, बेड, कुंड्या इंटरनेटवरून उतरवल्या असतील तर बघ. मागे एका फाईलमध्ये उत्पादकाच्या साइटवरून आणलेला नळ होता, ६ एमबीचा. आतला वॉशरसुद्धा मॉडेल केलेला, स्क्रूच्या आट्यांसकट. फ्लॅटला पाच नळ. हिशेब कर.

---

जोतं | शुक्रवार, रात्री ११:१५

कागद भरला. फुलस्केप पुरला नाही, ए टू घेतला. काका, तुमच्या सरांना नमस्कार.

३४ मजले. त्यातले चार रिफ्यूज (आगीत आसरा घ्यायची जागा) असलेले, तिथे एका फ्लॅटची जागा जाते. वरचे दोन ड्युप्लेक्स. राहिले २८, दोन विंग मिळून ५६. आम्ही या २८ना डोळे मिटून टिपिकल म्हणत होतो.

पण शिअर वॉल (काँक्रीटची आधाराची भिंत)! आरसीसीच्या शीटवर सरळ लिहिलंय: खालच्या पट्ट्यात ३०० मिमी, मधल्यात २५०, वरच्यात २००. बाहेरचा चेहरा एका ओळीत राहतो, म्हणजे बारीक होते ती आतून. आमच्या मॉडेलमध्ये ३४ मजले ३००चीच भिंत उभी आहे. एका टूबीएचकेला साधारण सात मीटर लांबीची शिअर वॉल लागते. ५० मिमी गुणिले सात मीटर म्हणजे ०.३५ चौरस मीटर, पावणेचार चौरस फूट. मधल्या पट्ट्यातल्या फ्लॅटचा कार्पेट (आतलं वापरायचं क्षेत्रफळ) तेवढा वाढतो, वरच्यातल्या फ्लॅटचा साडेसात. रेराचा कार्पेट बाहेरच्या भिंती आणि शाफ्ट वगळून, आतल्या पार्टिशन धरून मोजायचा असतो, तेव्हा हा फरक थेट करारनाम्याच्या आकड्यात जातो. आमचे सगळे फ्लॅट एकाच आकड्याने गेले होते. (सुदैवाने अजून मसुद्यातच. बॉसना सांगितलं. बॉस बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होते.)

म्हणजे फाईल जड होती हे वेगळंच, पण जी गोष्ट ५६ वेळा कॉपी करत होतो तीच चुकीची होती.

---

ट्रेसिंगपेपर | शनिवार, सकाळी ७:१०

सापडलं ना. छान.

खिडकीतून बाहेर बघणं चांगलं लक्षण आहे. आमचे सर पेन्सिल तोडत.

---

शारजाकर | शनिवार, सकाळी ११:२०

आता माझा प्रस्ताव. तोडताना मजल्यावर तोडू नका, बदल जिथे होतो तिथे तोडा.

पहिली फाईल, पोडियम: बेसमेंट ते ई-डेक, रॅम्प, पार्किंग. ही माणसंही वेगळी आणि बदलही वेगळे.

दुसरी, टॉवर: स्लॅब, शिअर वॉल, कोअर, लिफ्ट, जिने, बाहेरच्या भिंती, शाफ्ट. शाफ्ट ओपनिंग फक्त आपल्याच फाईलमधले स्लॅब कापतं, लिंकमधले नाही. म्हणून स्लॅब टॉवरमध्येच हवेत, टॉयलेटच्या सनकन स्लॅबसकट. जिना एकच काढा आणि लेव्हल जोडत न्या, बहुमजली जिन्याची ती सोय २०१८च्या आवृत्तीपासून आहे. रिफ्यूज आणि ड्युप्लेक्स मजल्यांचं आतलं सरळ इथेच काढा, त्यांच्यासाठी वेगळी लिंक कशाला.

मग "आतलं": पार्टिशन, दारं, फिक्स्चर, फर्निचर. शिअर वॉलच्या जाडीप्रमाणे तीन पट्टे, तीन फाइली. प्रत्येकीत एक पूर्ण मजला, फ्लॅट ग्रुप म्हणून. फ्लॅट सुटे लिंक करू नका, ३३६ लिंक होतील आणि व्ह्यू हलणार नाही. मजला लिंक केला तर ५६.

खोल्या मात्र टॉवर फाईलमध्ये ठेवा आणि लिंकच्या प्रॉपर्टीत रूम बाउंडिंगला टिक करा. मग खोली लिंकमधली पार्टिशन आणि टॉवरमधली शिअर वॉल दोन्ही मानते. क्षेत्रफळ मजल्याप्रमाणे आपोआप बरोबर येतं आणि फ्लॅट नंबरही प्रत्येक खोलीला वेगळा देता येतो.

एलिव्हेशनच्या पट्ट्या, जाळ्या वगैरेंची वेगळी फाईल. ती रोज कोणाला लागत नाही, तिचा वर्कसेट (फाईलचा उघड-बंद करता येणारा भाग) बंद ठेवून उघडा.

सगळ्या लिंक ओरिजिन टू ओरिजिन.

---

कडीकोयंडा | शनिवार, दुपारी १२:०५

वाद घालतो. टॉयलेट बदललं की तीन पट्ट्यांत तीनदा बदलायचं. हे सोपं झालं की अवघड?

---

शारजाकर | शनिवार, दुपारी १२:३०

तीनदा करायचंय, छप्पन्नदा नाही. आणि हाताने तीनदाही नाही: पहिल्या पट्ट्यात ग्रुप सुधारा, ग्रुप वेगळ्या फाईलमध्ये सेव्ह करा, बाकी दोघांत त्याच नावाने लोड करा. जिथे शिअर वॉलला टेकतं तेवढी पार्टिशनची टोकं ग्रुपच्या बाहेर ठेवा, ५० मिमीचा फरक तिथेच राहील.

पण मान्य, फुकट काहीच नाही. शांघाय टॉवर बघा, ६३२ मीटर, जेन्सलरचं डिझाइन. तो वर जाताना पिळत आणि निमुळता होत जातो. तिथे बाहेरच्या कडेला टिपिकल मजला ही चीजच नाही. नऊ झोन एकावर एक. आपलं दुःख त्या मानाने घरगुती आहे.

---

प्रोसेसर_पंत | शनिवार, दुपारी ३:४०

वॉर्निंगचं कोणी बोललंच नाही. ४,९०० भागिले ५६ किती होतात?

---

जोतं | शनिवार, दुपारी ३:५२

साडेसत्त्याऐंशी.

अरे.

---

प्रोसेसर_पंत | शनिवार, दुपारी ४:०१

हो. टिपिकलमध्ये सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी चुका आहेत, बाकी त्यांच्या झेरॉक्स. एकावर एक दोन भिंती, अक्षापासून किंचित तिरक्या रेघा, बंद न झालेल्या खोल्या. एक मुलगा, एक दुपार. ते झाल्यावर ऑडिटची टिक लावून फाईल उघडा, पर्ज (न वापरलेलं काढून टाकणं) तीनदा मारा (एक काढलं की त्याच्या पोटातलं दुसरं मोकळं होतं), मग कॉम्पॅक्टची टिक लावून सिंक करा.

---

नळजोडणी | शनिवार, संध्याकाळी ५:१५

आणि सिंकची वेळ ठरवा हो. आमच्याकडे सगळे एक वाजता डबा उघडण्याआधी दाबतात. सहा जणांची रांग लागते आणि डबे गार. आता फळ्यावर नावं आहेत, ज्याची पाळी त्याने. रोज सकाळी नवी लोकल कॉपी, जाताना सगळं सोडून जायचं. एकाने रिफ्यूजचा स्लॅब आपल्या नावावर ठेवून गणपतीला गावी सुट्टी घेतली होती. कोकणात रेंज नाही.

---

गिलावा | शनिवार, रात्री ९:००

:D आमचाही एक असाच.

---

जोतं | तीन आठवड्यांनी, सोमवार, रात्री १०:३०

धागा वर काढतेय, हिशेब द्यायला.

मशीन घेतलं नाही. वायर टाकली.

टॉवर २४० एमबी, पोडियम ३१०, "आतलं" प्रत्येकी ४० च्या आसपास, एलिव्हेशन ९०. टॉवर उघडायला पाच मिनिटं, सिंक दीड. वॉर्निंग १९०, त्यातल्या बहुतेक पोडियमच्या रॅम्पवर, तिकडे हात लावायचं धाडस अजून झालेलं नाही. लेव्हल १३१वरून ४३. लाईन स्टाईल ६१२ निघाल्या, एकीचं नाव "नवीन नवीन २ फायनल" होतं.

फाईल उघडल्यावर पहिला व्ह्यू आता कोरा आहे, फक्त प्रकल्पाचं नाव आणि "थ्रीडी उघडं ठेवून घरी जाऊ नये". हे सुचवलं इथल्याच एकाने व्यक्तिगत निरोपातून, आभार.

जे जमलं नाही तेही सांगते. लिंकमधली पार्टिशन टॉवरमधल्या भिंतीला जोडली जात नाही, प्लॅनमध्ये दोघांच्या मधे बारीक रेघ दिसते. काही शीटवर लाईनवर्कने अदृश्य केली, बाकीच्यांत तशीच सोडली. मापं लिंकमधल्या भिंतीला धरली की ती भिंत कोणी खोडून पुन्हा काढली तर माप गळून पडतं, दोनदा झालं. म्युनिसिपल सबमिशन अजूनही डीडब्ल्यूजीतच, लेयरची नावं ठरलेली, एफएसआयच्या पी-लाईन (क्षेत्रफळ मोजायच्या बंद रेघा) ऑटोकॅडमध्ये पुन्हा माराव्या लागतात. फक्त आता मॉडेलचा आकडा आणि पी-लाईनचा आकडा जुळतो, आधी कधीच जुळला नव्हता.

मिक्सर तपासले. बी विंगमध्ये सगळे उलटे होते. नळजोडणी, तुम्हाला मिसळ लागू.

---

गिलावा | सोमवार, रात्री १०:४८

ती बारीक रेघ खोडू नका. मिवानवाल्यांच्या (साच्यात काँक्रीटच्या भिंती ओतणाऱ्यांच्या) शेल ड्रॉइंगमध्ये आम्हाला हेच हवं असतं, ओतायची भिंत कुठे संपली आणि ब्लॉकची कुठे सुरू झाली. इतकी वर्षं ते आम्ही फोन करून विचारतोय.

---

जोतं | सोमवार, रात्री १०:५५

खरंच? उद्या ज्युनिअरला सांगते, तो दोन दिवस रेघा अदृश्य करत बसलाय.

---

कडीकोयंडा | मंगळवार, सकाळी ९:३०

क्लायंटने काही नवीन काढलं की नाही अजून? त्याशिवाय कळायचं नाही तोडलेलं बरोबर तुटलंय का.

---

जोतं | मंगळवार, दुपारी १:१०

काढलं ना. २१ आणि २२व्या मजल्यावर जोडी फ्लॅट हवेत, ए विंगमध्येच, मधली भिंत काढून. त्या दोन मजल्यांची लिंक काढली, त्याच पट्ट्याच्या फाईलची प्रत केली, पार्टिशन काढली, खोल्यांचे नंबर बदलले. जेवणाआधी झालं. ए टूच्या कागदावर मात्र पेनाने दोन ओळी खोडाव्या लागल्या, तो आता भिंतीवर चिकटवलाय आणि सगळे आधी तिकडेच बघतात.

---

ट्रेसिंगपेपर | मंगळवार, दुपारी १:२५

ब्लेड वापरा.

---

गिलावा | मंगळवार, दुपारी १:३२

ताई, त्या कागदाचा फोटो पाठवता का साईटवर? मॉडेल नको. फोटोच.